अक्षरं मोजतो कोण?
एका वाचकाचं म्हणणं आहे की मजकुरात एखादं अक्षर वारंवार आलं की वाचक नकळत त्या अक्षराकडे झुकतो. मला हे अर्धंच पटतं. आ-कार आणि र आपल्या प्रत्येक ओळीत भरलेले असतात, ते कुणाच्या लक्षात येणार? जाणवतं ते दाटीनं आलेलं अक्षर.

आमच्या मालवणातले खडखडे लाडूच घ्या. ख-ड-ख-ड म्हणतानाच शेव-गुळाचा तो कडक लाडू दाताखाली येतो. शेजारी आंबोळी. म्हणून बघा, ओठ मिटून उघडतात आणि ळ वर जीभ सैल सुटते. जाळीदार, मऊ.

हे नवं नाही. अकराव्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारानं काव्यातल्या माधुर्यासाठी, म्हणजे गोडव्यासाठी, ट-ठ-ड-ढ वर्ज्य सांगितले आणि ओजासाठी, म्हणजे जोशासाठी, तेच, जोडाक्षरांसकट, हवेत म्हटलं. १९२९ साली कोलर या मानसशास्त्रज्ञानं दोन आकृत्या दाखवून निरर्थक नावं दिली, तर टोकदार आकृतीला बहुतेक लोकांनी 'ताकेते' हेच नाव पसंत केलं. पण हा सगळा नादाचा मामला झाला. आवाज न काढता वाचतानाही मनात उच्चार होतोच, म्हणून तो कागदावरही चालतो. अक्षरांच्या गणतीचा पुरावा यातून मिळत नाही.

आणि धोंडस? नावात धोंडा, खायला काकडीचा लुसलुशीत केक! तरी ताटात एक तुकडा उरत नाही. सवयीच्या शब्दात चव आधी आठवते, अक्षर नंतर. त्यामुळे प्रयोग करायचाच तर अनोळखी शब्दांवर करा.