मदत हवी आहे: देवदारासारख्या झाडांवर अडकलेला बर्फ जातो कुठे? (शाळेच्या प्रदर्शनासाठी)

मंडळी, नमस्कार.

चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. आमच्या मुलांनी बर्फ पाहिलाय तो रसवंतीवरच्या लादीचा. तरी यंदा सातवीच्या मुलांनी प्रदर्शनासाठी हिमालयातल्या जंगलाचा विषय घेतलाय आणि आम्ही एका ठिकाणी अडलोय.

सुरुवात अशी झाली. वर्गातल्या एका मुलाचे मामा केळीच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. गेल्या जानेवारीत माल घेऊन ते काश्मीरला निघाले होते. बर्फाने रस्ता बंद झाला आणि गाडी बनिहालच्या अलीकडे दोन दिवस उभी राहिली. तिथून त्यांनी भाच्याला व्हिडिओ पाठवले. उघड्यावर गुडघाभर बर्फ, पण झाडांच्या बुंध्याशी वीतभरही नाही. आपण लिंबाला आळं करतो तसा खोडाभोवती खळगा. फांद्यांवर मात्र पांढऱ्या गाद्या टाकल्यासारखे थर. दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत त्याच फांद्या निम्म्या मोकळ्या झालेल्या आणि खाली त्या मानाने भर पडलेली दिसत नाही. वर्गात दाखवलं तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मंग तो बरफ गया कथा?"

त्या एका प्रश्नावर प्रकल्प उभा राहिला.

बर्फाच्या जागी आम्ही कापूस घेतला. सध्या जिनिंगला गाड्या चालल्यात, रस्त्याकडेच्या बाभळींना पुंजके लटकलेले असतात, तेच बघून मुलांना सुचलं. सरकी काढून कापूस बारीक पिंजला, बाकावर उभं राहून चाळणीतून हळूहळू खाली सोडला. खाली तीन फांद्या: सुरूची, कडुनिंबाची आणि पानं झडलेली एक काटकी. सुरूच्या फांदीवर जे दिसलं ते मी दहा वेळा तरी बघितलं असेल. आधी बराचसा कापूस सुयांमधून सरळ खाली गेला. मग दोन सुयांच्या मध्ये एखादा तंतू आडवा अडकला, त्याच्यावर दुसरा, आणि बघता बघता पूल तयार झाला. त्यानंतर येणारं जवळजवळ सगळं अडकायला लागलं. शेवटी फांदी वाकली, उतार वाढला आणि अख्खा थर एकदम घसरून खाली. काटकीवर काहीच टिकलं नाही.

तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी कौतुक केलं, पण एकाने विचारलं, "अडकलेलं पुन्हा खालीच पडलं. मग झाडाखाली बर्फ कमी का?" माझी विद्यार्थिनी गप्प झाली. तिने उत्तर द्यायला हवं होतं असं नाही. उत्तर मी तिला दिलेलंच नव्हतं. पुस्तकात संप्लवन आहे, स्थायूचं सरळ वायूत रूपांतर. पण शून्याखालच्या थंडीत, तेही दोन दिवसांत, एवढा बर्फ उडून जाईल?

जिल्ह्याच्या प्रदर्शनाला तीन आठवडे आहेत. मला दोन गोष्टी हव्यात: हे खरंच होतं का, आणि कापूस उडून जात नाही तर ते मुलांना दाखवायचं कसं. थंड प्रदेशात राहिलेलं कोणी असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद: भुसावळकर

सर, मी मूळचा भुसावळचा. जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर हिमाचलात नऊ हिवाळे काढलेत. धरणात वसंतात किती पाणी येणार याचा हिशोब करताना हाच प्रश्न पडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

होय, बर्फ उडून जातो. तुमच्या मुलांना ओल्या गोधडीचं उदाहरण द्या. पिळा करून ठेवली तर चार दिवस ओली राहते, दोरीवर पसरली की संध्याकाळपर्यंत वाळते. जमिनीवरचा बर्फ म्हणजे पिळा, फक्त वरचा पापुद्रा हवेला उघडा. फांदीवरचा बर्फ चारी बाजूंनी वाऱ्यात असतो, ऊनही त्याच्यापर्यंत आधी पोचतं. हवा कोरडी असली की पाणी न होताच तो वाफ होतो. याला उष्णता मात्र भरपूर लागते. एक किलो बर्फ असा उडवायला साधारण 2,800 किलोज्यूल, म्हणजे एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला लागते त्याच्या आठपटीहून जास्त. ती ऊन आणि वारा पुरवतात.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या दाट सूचिपर्णी जंगलांत हे मोजलंय. कापलेलं अख्खं झाड मनोऱ्याला टांगायचं, वर वजनाचा काटा लावायचा आणि बर्फ चढताना-उतरताना वजन बघत राहायचं. तिथे हिवाळाभरात पडलेल्या बर्फाचा सुमारे तिसरा हिस्सा झाडांवरूनच हवेत जातो.

पण हा आकडा बनिहालला लावू नका. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या डोंगरांत तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं. तिथे ओला, चिकट बर्फ फांद्यांवर खूप साठतो, मात्र त्यातला बहुतेक वितळून ठिबकतो नाहीतर धपकन पडतो. कडाक्याच्या थंडीत उलट, कण कोरडे असतात आणि सुयांवर आपटून उसळतात. म्हणून निकाल ठरतो तो त्या दिवसाच्या हवेवर. मामांना विचारा: दुपारी झाडाखाली थेंब पडत होते का? बर्फाच्या पृष्ठभागावर बोटाएवढी भोकं दिसली का? ती ठिबकण्याची खूण.

तुमची काटकी बरोबर बोलली. पानझडीच्या झाडांखाली बर्फ उघड्यासारखाच साचतो. आमच्याकडे रई (स्प्रूस) आणि तोष (फर) या सूचिपर्णी झाडांखालून चालताना मात्र बूट बुडत नसे, दहा पावलांवर मोकळ्यात आलो की मांडीपर्यंत. खोडाजवळच्या खळग्यात मात्र मुलांनी कधी उतरू नये हे सांगून ठेवा. वरून भुसभुशीत असतो, माणूस आत गेला की बाहेर निघणं अवघड. बाहेरदेशी यात बर्फावर घसरणारे लोक दगावलेत.

दाखवायला कापूर वापरा. तोही वितळल्याशिवाय उडतो.

प्रतिसाद: सावद्याची केळी

सर, एक शंका. केळीच्या पानावर पडलेला पाऊस दांड्याच्या पन्हाळीतून थेट खोडाला येतो, आम्ही रोज बघतो. तसं देवदाराच्या खोडावरून पाणी उतरत असेल का?

प्रतिसाद: भुसावळकर

फार थोडं, भाऊ. केळीचं पान खोडाकडे उतरतं, म्हणून पन्हाळ. तोष-रईच्या फांद्या बहुधा बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या, छपराच्या पाख्यासारख्या. पाणी आणि घसरलेला बर्फ दोन्ही कडेला पडतात. बुंध्याशी आळं राहायला हेही एक कारण.

धागाकर्ता (आठ दिवसांनी)

भुसावळकर, मनापासून आभार. मामांना फोन लावला. ते म्हणाले, दुपारी ऊन आल्यावर गाडीच्या ताडपत्रीवर धपाधप आवाज येत होता आणि ठिबकतही होतं. म्हणजे व्हिडिओतला बराचसा बर्फ झाडाच्या कडेला पडला आणि पाणी होऊन मुरला. आम्ही बुंध्याकडे बघत राहिलो, तिकडे तो पडतच नव्हता. सगळा उडाला असं मी वर्गात सांगून बसलो असतो.

कापराचा प्रयोग केला. समान वजनाचे दोन भाग, एक वाटीत दाबून भरला, दुसऱ्याचे कपचे बाभळीच्या काट्यांच्या बेचक्यांत खोचले. दोन्ही शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली वाऱ्यावर. एका पालकांनी सोनाराचा काटा दिला. फांदीखाली कागद अंथरून पडलेले कपचे रोज गोळा करून त्याच वजनात धरले, ही त्या विद्यार्थिनीचीच सूचना. पाचव्या दिवशी काट्यांत वासाशिवाय काही राहिलं नव्हतं. वाटीतला कापूर अजून अर्ध्याहून जास्त आहे.

आता तक्त्यावर तीन बाण काढलेत: ठिबकला, घसरला, उडाला. प्रत्येकाची जाडी किती ठेवायची यावर वर्गात भांडण चालू आहे. बनिहाल आणि कॅनडा असे दोन वेगळे तक्ते करावेत का, की एकाच झाडाच्या दोन बाजू दाखवाव्यात? मांडायला सहा फूट टेबल मिळणार आहे.