मदत हवी आहे: वजन उतरलं, आता लोंबणारी कातडी काढायची आहे (नागपूर)

महालचा_बंटी
सरळ मुद्द्यावर येतो. वजन १३४ होतं, आता ८१ आहे. पोटाची कातडी अशी लोंबते की गाडीवर बसलो की पेट्रोलच्या टाकीवर टेकते. मे कसाबसा काढला, आता ही ऑक्टोबरची उकड. घडीत घाम साचून कातडी सोलते, वास येतो. रोज सकाळी आजोबांच्या जुन्या धोतराची पट्टी आत कोंबतो, दुपारी ती पिळली तर पाणी निघतं. धंतोलीत एका डॉक्टरांना दाखवलं. "तीन महिन्यांनी या" म्हणाले, कारण काही सांगितलं नाही. तुळशीच्या लग्नानंतर धाकट्या बहिणीचं लग्न आहे, मला पंधरा दिवसांत उरकायचंय. चांगला सर्जन कोण आणि विमा मिळतो का, एवढंच सांगा. ज्ञान नको.

वैनगंगा
वजन ऑपरेशनने उतरवलं की डाएटने? किती महिन्यांत? अजून उतरतंय का? साखर आहे? काहीच लिहिलं नाही तर कोण काय सांगणार!

आजीचा_बटवा
कापाकापी कशाला? तिळाचं तेल कोमट करून रोज चोळा, वरून पोटपट्टा. माझ्या मावसबहिणीचं बाळंतपणानंतरचं पोट तीन महिन्यांत आवळलं.

परिचारिका_नागपूर
ताई, बाळंतपणाचं पोट वेगळं, हे वेगळं. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले लवचीक धागेच तुटलेले असतात, तेल वरच राहतं. आणि दादा, सोललेल्या घडीत तेल अजिबात नको.

तर्रीबाज
लायपो करून टाक भाऊ. माझ्या साळ्याने केलं, संध्याकाळी घरी.

परिचारिका_नागपूर
लायपोने चरबी निघते, कातडी नाही. पोतं आणखी रिकामं होईल. साळ्याचं वजन किती होतं?

तर्रीबाज
८५. पण फरक पडला नं!

संत्राबर्फी
५३ किलो कसे उतरवले? डाएट चार्ट टाका नं, माझं ९६ आहे.

महालचा_बंटी
ऑपरेशनच झालं, जठर कापून लहान करतात ते स्लीव्ह, याच जानेवारीत. अजून महिन्याला दोनेक किलो जातात. साखर होती, गोळी बंद झाली. आता तरी नाव सांगा.

वैनगंगा
म्हणजे नऊच महिने झाले! म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले. स्लीव्ह किंवा जठराच्या बायपासनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष जाऊ देतात, आणि वजन काही महिने, शक्यतो सहा, एका जागी टिकलेलं लागतं. आज कापली नि पुढे दहा किलो उतरले तर उरलेली पुन्हा लोंबणार. हिमोग्लोबिन, बी-१२, प्रथिनं तपासून घ्या, जेवण कमी झालं की हे सगळं घसरतं.

माझ्या जावेची ही कातडी काढायची सर्जरी झाली. टाका या कमरेपासून त्या कमरेपर्यंत. जखमेतलं पाणी काढायला दोन नळ्या लावल्या होत्या, बाटलीतलं पाणी मोजून आम्ही वहीत लिहायचो. आठवडाभर ती वाकूनच चालली, ताठ झाली की टाके ओढायचे. सहा आठवडे घट्ट पट्टा. पंधरा दिवसांत लग्नात नाचणं विसरा.

विमेवाला
पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सरनंतरची दुरुस्ती किंवा वैद्यकीय गरज हा अपवाद, तोही डॉक्टरने लेखी दिला तर. घडीतल्या जखमेचे तारखेसकट फोटो आणि त्वचारोगवाल्यांच्या चिठ्ठ्या आजपासून जपा. फक्त लोंबती कातडी काढणं म्हणजे पॅनिक्युलेक्टमी, स्नायू आवळून बेंबी नव्याने बसवणं म्हणजे ॲब्डोमिनोप्लास्टी. दुसऱ्यासाठी कंपनी सहसा नाहीच म्हणते. आधी लेखी मंजुरी घ्या. कॉस्मेटिक म्हणून बिल झालं तर वर १८ टक्के जीएसटी.

पुणेरी_पाहुणा
असल्या सर्जरीला मुंबईच गाठा. नागपुरात काय आहे?

तर्रीबाज
काऊन? नळी काढायला अन् ड्रेसिंगला दर आठवड्याला दुरांतोनं जायचं का बे? छत्तीसगड-एमपीचे पेशंट इथं येऊन राहिले, अन् आपण मुंबईला!

परिचारिका_नागपूर
भांडा नंतर. बंटीदादा, तंबाखू?

महालचा_बंटी
सिगारेट नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तेच सांगितलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे, दिवसाला तीन-चार. तो पोटात थोडीच जातो.

परिचारिका_नागपूर
अहो, निकोटिन तेच! त्याने रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये कातडी पार बरगड्यांपर्यंत सुटी करून खाली ओढून शिवतात. कडेला रक्त पोचलं नाही तर ती काळी पडते, टाके उसवतात. खर्रा निदान चार आठवडे आधी बंद, नंतरही तेवढेच. डॉक्टरांना खरं सांगा. आणि परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या प्लॅस्टिक सर्जरीवाल्यांनाही दाखवा.

तर्रीबाज
गुटखाबंदी २०१२ ची. खर्रा काही सुटला नाही आपल्या गावाचा.

संत्राबर्फी
चार्ट?

महालचा_बंटी
ऑपरेशन केलं म्हटलं नं, चार्ट कुठून आणू? परिचारिकाताई, तोवर घडीत काय ठेवू?

परिचारिका_नागपूर
धुऊन, टिपून, पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या. मगच सुती कापड, आणि ओलं झालं की लगेच दुसरं. धोतराची एकच पट्टी दिवसभर नको. औषधाच्या दुकानातून मनानं मलम आणू नका, बऱ्याचशात स्टिरॉइड असतं. त्वचारोगवाल्यांना दाखवा, चिठ्ठीही होईल.

महालचा_बंटी
ठीक. डॉक्टरांना उद्या फोन करून खर्र्याचं सांगतो. शेरवानीचं माप दिलं होतं, ते रद्द करून ढगळ कुर्ता शिवायला टाकतो.