विसर्ग धरणाचा की नदीचाही?

कुर्लेकर : आमची सोसायटी मुंबईतल्या मिठी नदीला अगदी खेटून. पावसाळ्याआधी जिन्यात लावायला एक कागद करतोय : पातळी कुठे बघायची, किती झाली की गाड्या वर न्यायच्या. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, त्यात ‘डिस्चार्ज’ आलंय. मी लिहिलं, ‘मिठीचा विसर्ग वाढल्यास’. आईने वाचलं आणि म्हणाली, “मिठीला कुठला रे धरणाचा दरवाजा? कोण सोडतंय पाणी?” काय लिहू?

शब्दवेडी : आईंच्या कानाला दाद द्यायला हवी. वि + सृज्, म्हणजे सोडणे. विसर्जन त्यातलंच, निसर्ग, उत्सर्ग, संसर्गही त्याच घरातले. ‘दुःख’मधल्या दोन टिंबांनाही विसर्ग म्हणतात, तिथे श्वास सुटतो. सोडणारा कोणीतरी या शब्दात दडलेला आहेच.

जुना पाटबंधारेवाला : व्युत्पत्ती ठीक, पण खात्यात अर्थ पसरलाय. नदीच्या एखाद्या ठिकाणाहून दर सेकंदाला जेवढं पाणी जातं तो तिथला विसर्ग. दरवाजा असो-नसो.

सरितामापन केंद्रावर, म्हणजे नदीचं पाणी मोजतात तिथे, नदीच्या आडव्या छेदाचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याची रुंदी, खोली आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार, मग सगळ्यांची बेरीज. हे रोज कोण करणार? ऐन पुरात तर नावच काढू नका. म्हणून निरनिराळ्या पातळ्यांना विसर्ग मोजून पातळी-विसर्गाचा एक वक्र (आलेख) काढून ठेवतात, आणि एरवी नुसती नदीतली पातळीची पट्टी वाचून त्यावरून विसर्ग ठरवतात. तुम्ही वाचता त्यातले बरेच आकडे असे पट्टीवरूनच आलेले असतात.

जाता जाता : ‘२० हजार क्युसेक वेगाने पाणी सोडले’ वाचलं की अजून डोकं उठतं. क्युसेक हा वेग नव्हे. दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. आणि ‘क्युसेक प्रतिसेकंद’ म्हणजे पिवळा पीतांबर!

शब्दवेडी : मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं असं धरलं तर किती क्युसेक होतात हो काका?

जुना पाटबंधारेवाला : सोळाशेच्या आसपास. म्हणजे १६ हजार क्युसेक सुटले की दहा मुंबयांचं पाणी एकदम वाहतंय.

सांगलीकर (मुक्काम डोंबिवली) : आमच्याकडे पोरंसोरं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी फुटात सांगतात. ४० इशारा, ४५ धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. विसर्ग विचारायचा कोयना धरणाचा, पातळी विचारायची आयर्विनची, यात कधी कोणाचा घोळ होत नाही. इकडे बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर, धोका १७.५० ऐकली, तर आमच्या सासऱ्यांना वाटलं नदी सोळा मीटर खोल!

जुना पाटबंधारेवाला : पट्टीचा शून्य नदीच्या तळाला असतोच असं नाही. पातळी म्हणजे खोली नव्हे.

माहीम खाडीवरचा : तुम्ही सगळे घाटावरची नदी धरून बोलताय. आमच्याकडे पाणी चढलं म्हणजे वरून आलं असं नसतं. उधाणाच्या भरतीला पावसाचा थेंब नसतानाही खाडी वर येते. त्यातच पाऊस कोसळला तर मिठीला पुढे जायला वाटच नाही. तोच पाऊस भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या, दिवसांत पडू दे, बऱ्यापैकी निघून जाईल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दुपारी भरती होती. पवई-विहार तलावांच्या ओसंडण्यापासून माहीमपर्यंत नदी जेमतेम १८ किलोमीटर, ती कुठे आणि किती जिरवणार?

म्हणून तर मुंबईकर ‘पूर आला’ क्वचितच म्हणतो. ‘पाणी तुंबलं’ म्हणतो. शब्द अगदी नेमका आहे.

सांगलीकर (मुक्काम डोंबिवली) : आम्ही याला ‘फूग’ म्हणतो. पुढच्या पाण्यामुळे मागचं पाणी चढलं की फूग आली.

जुना पाटबंधारेवाला : कागदोपत्री ‘फुगवटा’. खाडीवाल्यांचा मुद्दा मला आधीच सुचायला हवा होता. भरतीच्या टप्प्यात माझा तो वक्र चालतच नाही. एकाच पातळीला ओहोटीत एक विसर्ग, भरतीत दुसरा, कधी तर पाणी उलटंच वर येतं. तेव्हा कुर्लेकर, शब्द बरोबर असला तरी तुमच्या कागदावर विसर्ग नको. पातळी लिहा, आणि शेजारी भरतीची वेळ.

कुर्लेकर : मग असं : ‘मिठीचं पाणी पुलाच्या खांबावरच्या पिवळ्या रेघेपर्यंत चढलं आणि भरती लागायची असेल, तर वाट न बघता गाड्या वर न्या.’

आईला वाचून दाखवलं. ‘चढलं’ पास झालं. ‘न्या’ मात्र खोडून ‘न्याव्यात’ करायला लावलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना हुकूम चालत नाही म्हणे.