मदत हवी आहे: आईचा कल्चर रिपोर्ट आणि आमची विहीर

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरजवळ राहतो. आईला (वय ६८) गणपतीपासून लघवीला जळजळ आणि थंडीताप. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू निघाला, १२ पैकी ८ औषधांपुढे ‘आर’, म्हणजे ते औषध लागू पडणार नाही. खाली ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारं एन्झाइम हा जंतू बनवतो. इंजेक्शनं चालू आहेत, उतार आहे, उपचाराबद्दल शंका नाही.

काल फ्रिजवरच्या डब्यात अँटिबायोटिकच्या तीन अर्धवट पट्ट्या सापडल्या, तिन्हींवर ती लाल उभी रेघ, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत अशी खूण. ताप आला की दुकानातून दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की ठेवून द्यायच्या, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय. फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी छान समजावलं. गोळी जंतूला काही शिकवत नाही. कोट्यवधींत एखादा आधीच वेगळा असतो, बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. शिवाय प्रतिकाराचं जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असेल, तर ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही मिळतं. हे ऐकल्यापासून झोप नाही, कारण घरात दीड वर्षाची भाची आहे, संडास एकच, आणि विहीर शोषखड्ड्यापासून जेमतेम वीस पावलांवर. जांभ्यातून पाणी किती झिरपतं ते तुम्हाला सांगायला नको.

पाणी उकळतोच आहोत. पण विहिरीचं पाणी ई. कोलायसाठी रत्नागिरी जिल्ह्यात कुठे तपासून मिळेल? बाटली कशी न्यायची? उरलेल्या गोळ्या कचऱ्यात किंवा परसात टाकायच्या नाहीत, मग द्यायच्या कुणाकडे? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.