बाळाच्या मानेवर आणि यजमानांच्या पाठीवर पुरळ: घामोळे ओळखायचे कसे?

माहेरवाशीण (कसबा बावडा)

नमस्कार. मी बाळंतपणासाठी माहेरी, कसबा बावड्यात आले आहे आणि मुलीला नुकतेच दोन महिने पूर्ण झाले आहेत. सध्या रोज दुपारी वळवाचे ढग भरून येतात, पाऊस मात्र पडत नाही, आणि हवा इतकी कोंदट झाली आहे की पंख्याखाली बसूनही अंग ओलसरच राहते. याच दिवसांत मुलीच्या मानेच्या वळ्यांत, डोक्याच्या मागच्या बाजूला आणि पाठीवर बारीक लाल पुरळ उठले आहे. कपाळावरच्या काही पुटकुळ्या मात्र पाण्यासारख्या नितळ आहेत आणि त्यांच्याभोवती लाली नाही. तिला ताप नाही, ती दूध नीट पिते, पण झोपेत वारंवार किरकिरते.

माझे यजमान शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत काम करतात. त्यांच्या पाठीवर, छातीवर आणि पट्टा बांधतात त्या जागी बारीक दाणे आले असून भट्टीजवळ गेले की तिथे सुया टोचल्यासारखे होते. त्यांच्या जांघेतही एक लाल चट्टा आहे, पण त्याची कडा उठावदार आहे आणि तो हळूहळू पसरतो आहे.

घरात या सगळ्याला घामोळेच म्हटले जाते. आईचे म्हणणे असे की अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, तिला अडवू नये. सासूबाईंना वाटते की मी आंबा खाल्ल्यामुळे दुधातून बाळाला बाधला. आणि शेजारच्या काकूंना गोवराची शंका येते. घामोळे नेमके कशाने होते, आणि दिसायला त्याच्यासारख्याच असणाऱ्या इतर तक्रारींपासून ते वेगळे कसे ओळखावे, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

त्वचातज्ज्ञ (कोल्हापूर)

ताई, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, तेव्हा पुढील मजकूर आपल्याला काय पाहावे हे कळण्यासाठी लिहीत आहे, असे समजावे.

घामाच्या ग्रंथी त्वचेच्या खालच्या थरात असतात आणि तिथून एक अतिशय बारीक नलिका घाम वर पृष्ठभागावर आणून सोडते. हवा कोरडी असली की तो घाम लगेच उडून जातो आणि अंग थंड होते. हवेत आधीच बाष्प असले, किंवा कपड्यामुळे हवा लागत नसली, तर घाम त्वचेवर साचून राहतो, वरचा मृत पेशींचा थर त्या ओलाव्याने फुगतो आणि नलिकेचे तोंड बंद होते. ग्रंथी घाम तयार करतच राहते, त्याला वाट मिळत नाही, आणि तो आजूबाजूच्या पेशींत झिरपतो. त्वचेवर नेहमीच राहणारे काही जिवाणू या ओलाव्यात वाढून चिकट पदार्थ तयार करतात आणि अडथळ्यात भर घालतात. म्हणूनच आपल्याकडे मार्चच्या कोरड्या उन्हापेक्षा मेअखेरच्या ढगाळ, दमट दिवसांत घामोळ्याचे रुग्ण अधिक दिसतात.

अडथळा किती खोलवर आहे, त्यावर पुरळाचे रूप ठरते. तो अगदी वरच्या थरात असेल तर दवबिंदूंसारख्या नितळ, एक-दोन मिलिमीटरच्या पुटकुळ्या येतात. त्यांना खाज नसते, लाली नसते, हलक्या स्पर्शानेही त्या फुटतात आणि एक-दोन दिवसांत खवल्यासारख्या सुटून जातात. आपल्या मुलीच्या कपाळावरचे वर्णन याच प्रकाराशी जुळते. नवजात बाळांत हा प्रकार पुष्कळ दिसतो, कारण त्यांच्या घामाच्या नलिका अजून पुरत्या विकसित झालेल्या नसतात. अडथळा त्याच्या खाली, बाह्यत्वचेच्या मधल्या थरात असेल तर लाल दाणे उठतात, खाज येते आणि घाम सुटायला लागताच टोचते. आपण ज्याला रोजच्या बोलण्यात घामोळे म्हणतो ते बहुधा हेच. त्या दाण्यांत पांढरट पू दिसू लागला तर तो जंतुसंसर्गच असतो असे नाही, पण दुखू लागले, सूज आली किंवा पिवळी खपली धरली तर जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो.

आता ओळखण्याविषयी. पुरळ कसे दिसते याच्या इतकेच ते कुठे आले आहे, कुठे आलेले नाही आणि गारव्यात त्याचे काय होते, हे पाहणे महत्त्वाचे असते. घामोळे कपड्याखाली, वळ्यांत, पाठीवर, छातीवर, पट्ट्याच्या जागी येते. तळहात आणि तळपाय यांना ते सोडून देते. दाणे केसांच्या मुळाशी नसतात. प्रत्येक दाण्याच्या मधोमध केस दिसत असेल तर ती केसांच्या मुळांची सूज समजावी. घामोळे माणसामाणसांत पसरत नाही. घरातल्या इतरांनाही खाज सुटली असेल, ती रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती दाणे असतील, तर खरूज आठवावी. तान्ह्या बाळात खरूज तळहात-तळपायांवरही उठते, आणि नेमका तिथेच फरक कळतो. पित्ताच्या गांधी एका जागी चोवीस तासांच्या आत विरतात आणि दुसरीकडे उठतात. घामोळ्याचे दाणे असे जागा बदलत नाहीत. उन्हाच्या वावड्याने येणारे पुरळ नेमके उघड्या भागावर, म्हणजे गळ्याखाली आणि हातांच्या बाहेरच्या बाजूला येते.

गोवराची शंका काढली गेली आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गोवरात आधी काही दिवस चढता ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे असतात, नंतर कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ सुरू होऊन खाली अंगभर उतरते. ताप नसताना फक्त मानेत आणि पाठीवर उठलेले दाणे या चित्रात बसत नाहीत. शिवाय आईला पूर्वी गोवर होऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर तिच्याकडून मिळालेले संरक्षण दोन महिन्यांच्या बाळात साधारणपणे टिकून असते. मुलीची गोवराची लस मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावर चुकवू नये.

आंब्याने घामोळे होत नाही. आंबा बाजारात येतो तेव्हाच हवा दमट होते, म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. आपण आंबा खाण्यास हरकत नाही.

निवृत्त परिचारिका (मंगळवार पेठ)

डॉक्टरांनी कारण सांगितले आहेच. मी बाळंतिणीच्या खोलीविषयी लिहिते, कारण तान्ह्या बाळाचे निम्मे घामोळे त्या खोलीतच तयार होते, असे माझे अनेक वर्षांच्या कामानंतरचे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे बाळाला वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवतात, डोक्याला टोपरे बांधतात, दुपट्यात घट्ट गुंडाळतात, न्हाऊ घालून झाल्यावर शेगडीवर ओवा आणि धूप टाकून धुरी देतात, आणि हे सारे मे महिन्यातही तसेच चालू राहते. यामागे माया आहे, आणि थंडी-पावसात उबेची गरजही असते. पण घामाने भिजलेले बाळ ती ऊब सहन करू शकत नाही, आणि निखाऱ्यांचा धूर त्याच्या श्वासालाही अपाय करतो. मोठ्या माणसाला जितके कपडे पुरतात तितकेच, फार तर एक पातळ थर अधिक, एवढा साधा हिशेब ठेवावा. बाळाचे हातपाय गार लागतात म्हणून घाबरू नये. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे, तिथे ओल लागली तर कपडे कमी करावेत.

तेल लावणाऱ्या मावशींना राग येणार नाही अशा पद्धतीने सांगून, घामोळे उतरेपर्यंत मालीश थांबवावे, किंवा पुरळ असलेल्या जागा तरी वगळाव्यात, कारण दाट तेलाचा थर घामाची वाट आणखी अडवतो. डाळीचे पीठ चोळून तेल काढणेही या दिवसांत नको, त्याने नाजूक त्वचा सोलवटते. दिवसातून एकदा किंवा दोनदा कोमट, गारव्याकडे झुकलेल्या पाण्याने अंघोळ घालावी, मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्यावे, आणि वळ्या बोटांनी अलगद उघडून काही वेळ वारा लागू द्यावा. झबले जुने, धुऊन मऊ झालेले असावे.

पावडरीचे डबे भेट म्हणून घरोघरी येतात. ती भुरभुरताना उडणारे कण बाळाच्या श्वासात जातात आणि वळ्यांत तिचा लगदा साचतो, म्हणून मी कोणाच्याही बाळाला पावडर लावू देत नसे. मेंथॉल किंवा कापूर असलेली घामोळ्याची पावडर तर तान्ह्या बाळासाठी नव्हेच.

एक बाब विशेष पाहावी. मानेच्या वळीच्या अगदी तळाशी त्वचा लालभडक, ओलसर, सोललेली दिसत असेल आणि त्या लालीच्या बाहेर सुटे लाल ठिपके असतील, तर तिथे ओघळलेल्या दुधामुळे आणि घामामुळे बुरशी वाढलेली असू शकते. ती केवळ गारव्याने जात नाही, तिला वेगळे औषध लागते, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

साचेकार (शिरोली)

मी फौंड्रीत देखरेखीचे काम करतो, म्हणून आपल्या यजमानांविषयी थोडे लिहितो. वितळलेले ओतीव लोखंड सुमारे १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास ओतले जाते, आणि भाजू नये म्हणून जाड कपडे, एप्रन व हातमोजे घालावेच लागतात; ते टाळून घामोळ्यावर इलाज करू नये. बदल करायचा तो आतल्या कपड्यात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे बनियन असेल तर ते बदलून सुती घालावे आणि सोबत एक कोरडे बनियन न्यावे. मधल्या सुट्टीत साध्या पाण्याने अंग धुऊन ते बदलले की पुष्कळ फरक पडतो. आमच्याकडे कामगारांना ओतकामापासून ठरावीक वेळाने बाहेर, वाऱ्याच्या जागी बसवले जाते, आणि ही सवलत मागून घ्यायला कोणी संकोच करू नये.

घरातल्या कूलरविषयीही सांगतो. पाण्याचा कूलर कोरड्या हवेत उत्तम, पण या दमट दिवसांत बंद खोलीत तो लावला की खोलीतले बाष्पच वाढते. खिडक्या उघडून पंखा लावणे अधिक बरे.

मला डॉक्टरांना एक विचारायचे आहे. उन्हाळ्याच्या शेवटी काही जुन्या कामगारांच्या अंगावरची लाली आणि खाज जाते, त्वचा खरखरीत, त्वचेच्याच रंगाच्या दाण्यांनी भरलेली राहते, आणि ते म्हणतात की आता घामच येत नाही, बरे झाले. हे खरोखर बरे होणे आहे का?

त्वचातज्ज्ञ (कोल्हापूर)

नाही, आणि हा प्रश्न आपण विचारलात हे फार चांगले झाले. लाल घामोळे पुन्हा पुन्हा उठत राहिले की अडथळा आणखी खोल, बाह्यत्वचा आणि तिच्या खालचा थर यांच्या सीमेपर्यंत जातो. तेव्हा दाणे त्वचेच्याच रंगाचे, टणक असतात आणि खाज जवळपास नसते. माणसाला आराम वाटतो, पण अंगाच्या मोठ्या भागावर घाम येणेच बंद झाल्यामुळे शरीर थंड होण्याचा मुख्य मार्ग बंद झालेला असतो. दुसऱ्या महायुद्धात उष्ण कटिबंधात गेलेल्या सैनिकांत हा प्रकार ठळकपणे दिसून आला होता. अशा कामगाराला भट्टीजवळ चक्कर, मळमळ, डोकेदुखी, धडधड होऊ शकते, आणि कपाळावर घामाच्या धारा असताना पाठ मात्र कोरडी असते. त्याला काही आठवडे उष्णतेपासून दूरचे काम द्यावे लागते, कारण वरचा थर गळून नलिका मोकळ्या व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. काम करताना कोणी बरळू लागला, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून त्याला सावलीत आणावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी.

माहेरवाशीण (कसबा बावडा)

सर्वांचे मनापासून आभार. मुलीचे टोपरे आणि दुपटे काढले आहे, खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत आणि मावशींनीही तेलाचे समजून घेतले. एक शेवटची शंका आहे. यजमानांच्या एका सहकाऱ्याने औषधाच्या दुकानातून खाजेची ट्यूब आणून दिली आहे आणि दोन दिवसांत सगळे जाते असे सांगितले आहे. ती जांघेतल्या चट्ट्याला आणि पाठीवर लावावी का? थोडी बाळाला चालेल का?

त्वचातज्ज्ञ (कोल्हापूर)

कृपया लावू नये, आणि बाळाला तर मुळीच नको. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा अनेक ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतात. जांघेतला उठावदार कडेचा, पसरणारा चट्टा आपल्या वर्णनावरून घामोळे नसून गजकर्ण असण्याची शक्यता अधिक आहे. स्टेरॉइडने त्याची लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, बुरशी मात्र आत वाढत राहते, पुढे कडा पुसट होऊन निदानही अवघड होते, आणि जांघेसारख्या पातळ त्वचेवर कायमचे ताणाचे वळ उमटतात. तालमीतली मुले, यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणारे कामगार, दिवसभर मोटारसायकलवर फिरणारे विक्रेते अशा कितीतरी जणांवर आम्हांला आधी या ट्यूबांचे परिणाम निस्तरावे लागतात आणि मगच मूळ आजाराकडे वळता येते. यजमानांनी तो चट्टा तपासून घ्यावा, सांगितलेले औषध काही आठवडे नेमाने वापरावे, आणि तोवर त्यांचे टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगळी धुऊन कडक उन्हात वाळवावीत.

पाठीवरच्या घामोळ्याला गार पाण्याची अंघोळ, सुती कपडे आणि कॅलामाइन लोशन पुरेसे होते; फार खाज असल्यास सौम्य औषध तपासणीनंतर देता येते. नखांनी खाजवणे टाळावे आणि नखे कापलेली असावीत.

बाळाविषयी सांगायचे तर, गारव्यात ठेवल्यावर तीन-चार दिवसांत पुरळ स्पष्टपणे उतरायला हवे. तसे झाले नाही, दाण्यांत पू भरला, भोवतालची त्वचा गरम होऊन सुजली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. काचेचा स्वच्छ पेला पुरळावर हलकेच दाबून पाहावा. घामोळ्याची लाली दाबल्यावर फिकी होते, आणि जे लाल-जांभळे ठिपके दाबूनही तसेच राहतात ते त्वचेखालील रक्तस्रावाचे असतात. असे ठिपके दिसले, बाळ दूध घेईनासे झाले, मलूल पडले, किंवा तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक झाला, तर पुरळ कसलेही असो, रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.