शब्दचर्चा: लेणे, लेणी, गुहा, गुंफा

महाराष्ट्रातल्या लेण्यांवरची एक माहितीपुस्तिका तपासते आहे. त्यात वेरूळच्या एकाच पानावर ‘गुहा क्र. १६’, ‘गुंफा १६’ आणि ‘लेणी क्र. १६’ असे तिन्ही प्रकार आलेत. मला ‘लेणे’ बरोबर वाटतं, पण का ते नीट सांगता येत नाहीये. शिवाय ‘लेणीमध्ये’ की ‘लेण्यामध्ये’? आणि अंगावर लेतो ते लेणं आणि हे लेणं एकच का?

प्रतिसाद १

‘लेण्यामध्ये’. ते लेणे, ती लेणी, लेण्यात. खेडे-खेडी-खेड्यात, तळे-तळी-तळ्यात, तसंच. आपण कायम ‘अजिंठ्याची लेणी’, ‘कार्ल्याची लेणी’ असं अनेकवचनच ऐकतो, म्हणून ‘लेणी’ हे स्त्रीलिंगी एकवचन वाटायला लागलंय. ‘ही लेणी फार जुनी आहे’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ‘ही लेणी फार जुनी आहेत’ हवं.

प्रतिसाद २

व्याकरणाचं वर आलंच आहे. मला अर्थाबद्दल लिहायचंय, कारण या शब्दावर माझा फार जीव आहे.

‘लेणे’ आलं प्राकृत ‘लेण’वरून, संस्कृतात ‘लयन’. अर्थ आश्रयाची, विसाव्याची जागा. पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध संघाच्या नियमग्रंथात, भिक्खूंना राहण्यासाठी पाच प्रकारच्या ‘लेणां’ची परवानगी आहे: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. म्हणजे बघा, गुहा हा लेणाचा फक्त एक प्रकार. लेण म्हणजे आधी निवारा, मग तो बांधलेला असो की खोदलेला.

आणि ज्यांनी ही कामं करवून घेतली ते कोणता शब्द वापरत होते, तेही दगडावरच आहे. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला मोठा लेख आहे. त्यात त्याची आजी गौतमी बलश्री सांगते की तिरण्हु पर्वताच्या, म्हणजे आपल्या त्रिरश्मीच्या, कैलासासारख्या शिखरावर तिने ‘लेण’ करवलं, उत्तम विमानाच्या, म्हणजे देवांच्या प्रासादाच्या, तोडीचं. तिच्या मनात राजवाडा होता. त्याच डोंगरात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात ‘लेण’ करवल्याचं लिहितो. कार्ल्याच्या चैत्यावर, म्हणजे उपासनेच्या दालनावर, वैजयंतीचा श्रेष्ठी (धनिक व्यापारी) भूतपाल लिहितो ‘सेलघर’, शैलगृह, आणि तेही जंबुद्वीपात उत्तम. जुन्नरला ‘चेतियघर’, चैत्यगृह, आहे. सगळीकडे घर! इतक्या लेखांतून दाते एवढ्या आवर्जून घर म्हणत असताना आपण गुहा म्हणावं, हे मला पटत नाही.

कुठल्याही विहारातल्या एखाद्या कोठडीत जाऊन उभे राहा. भिंतीलगत पुष्कळदा दगडातच सोडलेला ओटा असतो, एक माणूस आडवा होईल एवढा. बाहेर पडताना दाराच्या चौकटीत वर-खाली बोट फिरवा. लाकडी दार बसवायच्या खाचा अनेक ठिकाणी हाताला लागतात. कुणीतरी रात्री ते दार लोटून घेऊन त्या ओट्यावर निजत होतं. गुहेला दार कोण लावतं?

वेरूळच्या सोळाव्याला तर ‘गुहा’ मुळीच लागू पडत नाही. कैलास राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातला, ८व्या शतकातला. डोंगर वरून खाली खोदत नेऊन मधोमध अखंड मंदिर कोरून मोकळं केलंय. वर उघडं आकाश आहे. तरी त्याला ‘लेणे’ म्हणताना मराठी माणसाला काहीच खटकत नाही, कारण आपल्या कानाला लेणे म्हणजे डोंगरात कोरून काढलेलं काम, मग त्यावर छत असो वा नसो.

राहिलं अंगावरचं लेणं. ते ‘लेणे’ या क्रियापदापासून: ल्यायली, लेवून, सौभाग्यलेणं. ‘डोंगराचा दागिना म्हणून लेणे’ ही व्युत्पत्ती गोड आहे, पण खरी नाही. उच्चार एक झाला आणि मराठीत दोन्ही अर्थ एकमेकांच्या शेजारी येऊन बसले. त्यामुळे ‘सह्याद्रीचं लेणं’ असं कुणी लिहिलं तर वाक्य म्हणून मी ते खोडणार नाही.

प्रतिसाद ३

पण मग ‘गुंफा’ चूक का ठरवायचं? ओडिशात हाथीगुंफा, राणीगुंफा ही रूढ नावं आहेत.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून

तिथे चूक नाहीच, ती नावं तशीच लिहावीत. पण गंमत बघा, त्या गुंफा ज्या उदयगिरीवर आहेत तिथेच कलिंगाचा राजा खारवेल याच्या राणीच्या लेखात ‘लेण’च आहे, कलिंगातल्या श्रमणांसाठी करवलेलं. बिहारमधल्या बराबर टेकडीवर अशोकाने आजीविक पंथाच्या श्रमणांना दिलेल्या दानलेखांत मात्र ‘कुभा’ आहे. म्हणजे शब्द अनेक होते. आपल्याकडे ‘लेणे’ टिकलं आणि ते जुन्नरच्या लेण्याद्रीच्या नावातही बसलंय. गिरिजात्मजाचं देऊळ मुळात तिथल्या एका विहारातच आहे. इथल्या जागांसाठी इथला शब्द बोलण्यात जिवंत असताना तो बाजूला का सारायचा, एवढंच माझं म्हणणं.

जो शब्द खरंच गेला तो ‘पोढी’. उषवदात लेण्यासोबत पोढी केल्याचं सांगतो, कान्हेरीच्या लेखांत ‘पानियपोढी’ येते. कातळात खोदलेलं पाणी साठवायचं टाकं ते हेच. आता आपण ‘टाके’ म्हणतो, आणि तिथेही लेण्यासारखाच घोळ: एक टाके, दोन टाकी, पण लोक ‘एक टाकी’ लिहितात आणि डोळ्यासमोर गच्चीवरची प्लास्टिकची टाकी येते.

मूळ प्रश्न विचारणारी

मनापासून आभार. ‘लेणे क्र. १६, कैलास’ असं केलं. ‘लेणीमध्ये’ अकरा ठिकाणी होतं, सगळीकडे ‘लेण्यात’ केलं. कान्हेरीच्या पानावर ‘पाण्याची टाकी आहे’ होतं, ते ‘पाण्याची टाकी आहेत’ केलं आणि पुढे ‘शिलालेखांत यांना पोढी म्हटले आहे’ हे वाक्य जोडलं.