जुनी ५४० घाटात ओढत नाही: पंप, टर्बो की दुसरं इंजिन?

बागायतदार_रत्नागिरी

मंडळी, सल्ला हवाय. गाडी महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल, फोर बाय फोर. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय नाही. काम म्हणजे बागेतून हापूसच्या पेट्या भरून वर डांबरीपर्यंत आणायच्या आणि हंगामात आंबा घाटाने कोल्हापूरच्या मार्केटला फेऱ्या.

सपाटीला तक्रार नाही. घाटात लोड असला की तिसरा गिअर टिकत नाही, दुसऱ्यावर रडत चढते, वळणावर पहिला टाकावा लागतो. वर काळा धूर. मागच्या पावसाळ्याआधी ३१ इंची टायर घातलेत, चिखलात पकड छान मिळते.

इथला गॅरेजवाला म्हणतो डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू, पिकअप येईल. दुसरा म्हणतो बोलेरोचा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) चढवा. तिसरा म्हणतो हे इंजिनच उतरवा आणि महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल टाका. साठ-सत्तर हजार घालायची तयारी आहे. कुठे घालू?

नोझल_सांगली

साहेब, पैसे बाजूला ठेवा, आधी हिशेब करू. भरलेली गाडी दोन टन धरा. शंभर मीटरला आठ मीटर असा चढ आणि वेग ताशी ३० किमी. चाकाला लागणारी ताकद होते साधारण २२ अश्वशक्ती. तुमचं इंजिन नवीन असताना ६२ चं होतं. ते ४५०० आरपीएमला, हे खरं. पण २५०० लासुद्धा निरोगी इंजिन चाळीसच्या आसपास देतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा), एक्सल यांत थोडी जाते, तरी भरपूर उरते. म्हणजे तुमची गाडी मुळात कमी ताकदीची आहे म्हणून अडत नाहीये. तिच्याकडे होती तेवढीसुद्धा आता राहिलेली नाही. ती कुठे गेली ते आधी शोधा.

स्क्रूला अजिबात हात लावू देऊ नका. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण ते जाळायला हवा पुरत नाही. बिनटर्बोच्या इंजिनात हवा ठरलेली. त्यात आणखी डिझेल ओतलं तर धूर वाढेल, पिस्टन तापेल, डिझेलचा खर्च वाढेल, चढ तेवढाच राहील.

हे घरीच बघा, खर्च शून्य:

इंजिन बंद ठेवा. एकाला आत बसवून अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा, तुम्ही बॉनेटखाली पंपाच्या लिव्हरवर नजर ठेवा. लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का? जुन्या जीपांत लिंकेजचे बुश झिजतात, कुठे तार बांधलेली असते, कुठे पेडलखाली जाड मॅट. लिव्हर अर्धा बोट अलीकडे थांबला तरी फुल थ्रॉटल कधी मिळतच नाही.

मग एअर फिल्टर. ऑइल बाथ असेल तर वाटी काढा. तळाला मातीचा लगदा असेल तर साफ करा, नवीन ऑइल खुणेपर्यंतच भरा, वर नाही. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी होस हातात धरून दाबा. आतून थर सुटून बंद होणारे होस मी बरेच पाहिलेत. बाहेरून एकदम चांगला दिसतो.

डिझेल फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी लावा आणि चालू इंजिनवर बघा. बुडबुडे दिसले तर गाडी कुठेतरी एअर घेते.

शेवटी, पाच-सहा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न दाबता, चारही ड्रमजवळ हात न्या. एखादा बाकीच्यांपेक्षा तापला असेल तर ते चाक जाम आहे.

हे करून सांगा, मग पुढचं बोलू.

डोंगरवाट_पुणे

नोझलदादांशी सहमत, पण टर्बोला सरसकट नाही म्हणू नये. माझ्या डीआय जीपला टर्बो आहे आणि फरक खरा आहे. महाबळेश्वरच्या उंचीला, म्हणजे १३०० मीटरच्या वर, हवा जवळपास आठव्या हिश्शाने विरळ होते. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद त्याच मापाने घटते. टर्बोवाल्याला ते फारसं जाणवत नाही.

मात्र डीआयचं ठीक आहे, कारण त्याच २५२३ सीसी इंजिनाला कंपनीनेच टर्बो दिला आणि सुटे भाग मिळतात. प्यूजोचं इंजिन प्री-चेंबरचं, म्हणजे डिझेल आधी छोट्या वेगळ्या कप्प्यात पेटतं, कॉम्प्रेशन वीसच्या वर. त्याला बोलेरोचा टर्बो बसवायचा तर मॅनिफोल्ड बनवून घ्यावा लागतो, ऑइलची दाबाची लाइन आणि संपमध्ये उतरणारी रिटर्न लाइन नव्याने काढावी लागते. रिटर्न बारीक ठेवली की टर्बोच्या सीलमधून ऑइल गळणार. बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, अर्ध्या बारच्या आत ठेवायचा, आणि एक्झॉस्टमध्ये टर्बोच्या आधी तापमानाचा मीटर बसवायचा. तो सातशे अंशांच्या वर जायला लागला की पाय काढायचा. मीटर नसेल तर टर्बो बसवू नका, हे अगदी मनापासून सांगतो. पिस्टनच्या रिंगा थकलेल्या इंजिनावर तर नाहीच नाही.

जीप_आणि_कागद

इंजिन बदलण्याबद्दल. आरसीवर इंजिन नंबर असतो, आरटीओची परवानगी आणि नोंद नसताना बदललं तर पासिंगला अडेल आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा; २०१९ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनविरुद्ध फेरफार चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. स्क्रू फिरवून धूर वाढवला तर पीयूसीतही अडकाल, जुन्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धूर किती दाट ते मोजायचं एकक) आहे.

आणि डीआय टर्बोचे आकडे बघा: ६३ अश्वशक्ती. तुमच्यापेक्षा एकच जास्त! फायदा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीचा आहे, प्यूजोच्या बाराऐवजी अठराच्या आसपास किलोग्रॅम-मीटर, आणि तोही १५००-१८०० आरपीएमला. लोडला तो उपयोगी पडतो, नाकारत नाही. पण एवढा खटाटोप कशासाठी करताय ते माहीत असावं.

बागायतदार_रत्नागिरी

सगळ्यांचे आभार. बघितलं. लिव्हर स्टॉपला टेकत नाही, करंगळी जाईल एवढी फट राहते. मागचं डावं चाक बरंच गरम होतं. नळीत बुडबुडे नाहीत. एअर फिल्टरच्या वाटीत लाल मातीचा खरवस जमलेला. होस ठीक वाटतो. सकाळी स्टार्टला पांढरा धूर येतो, दोनेक मिनिटांनी जातो.

टायरबद्दल कोणी काही बोललं नाही?

नोझल_सांगली

टायरचं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मूळचा ६.००-१६ साधारण पावणेएकोणतीस इंचांचा. ३१ इंची म्हणजे आठ टक्के मोठा. समजा क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी जोडी) ४.८८ चं आहे, तर आता ते ४.५२ असल्यासारखं वागतंय. प्रत्येक गिअर आठ टक्क्यांनी लांब झाला. तिसरा टिकत नाही त्यात याचा मोठा वाटा आहे. दोन रस्ते आहेत: मूळ मापाच्या जवळचे टायर, किंवा क्राउन-पिनियन बदलणं. जुन्या सीजे जीपचं ५.३८ घातलं तर ३१ इंचीवरही मूळच्यापेक्षा थोडी जास्तच ओढ मिळेल, सपाटीचा वेग मात्र जाईल. पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलला एकच रेशो हवा, एकच बदलून फोर बाय फोर टाकलं तर ट्रान्सफर केस फुटेल. आधी दात मोजा: ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४३ आणि ८ म्हणजे ५.३८.

बागेतल्या चढाला ट्रान्सफर केसची लो रेंज वापरताय ना? तिथे ओढ जवळजवळ अडीचपट होते. बरेच जण हाय रेंजमध्ये पहिल्यावर क्लच जाळत बसतात.

पांढऱ्या धुरासाठी आधी ग्लो प्लग (स्टार्टला सिलिंडर तापवणारे) तपासा, चारपैकी एखादा मेलेला असणार. सगळे चांगले निघाले तर पंपाचं टायमिंग मागे पडलंय का ते बघावं लागेल. त्यानंतर टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट), मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. आकडा किती येतो त्यापेक्षा चौघांत फरक किती, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकच खूप खाली असेल तर हेड उघडावं लागेल आणि तुमचे पैसे तिथे जातील. चारही सारखे असतील तर पंप आणि डिझेल फवारणारे नोझल टेस्ट बेंचवर द्या, कॅलिब्रेशन कंपनीच्या आकड्यावरच करायला सांगा, 'थोडं वाढवून' नाही.

बागायतदार_रत्नागिरी

लो रेंज बागेत वापरतो. ब्रेकचं आणि लिंकेजचं उद्याच करतो. नोझल काढून सांगलीला पाठवले तर चालतील का, की पंपही लागेल?

नोझल_सांगली

दोन्ही एकत्र पाठवा, वेगवेगळं करून अर्थ नाही. पंप उतरवण्याआधी फ्लँज आणि बॉडी दोन्हींवर छिन्नीने एकच रेघ मारून घ्या. नोझलखालचे वॉशर जुने परत घालू नका. सगळी तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा, कापडाने नाही, धागे आत जातात. कॉम्प्रेशनचे आकडे आले की इथेच टाका.